पेनसिल्व्हेनियात काळ्या अस्वलाची शिकार: लायसन्स, सीझन आणि नियम, पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरांत केबिन घेऊन राहणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांनी कचऱ्याच्या डब्यापाशी आलेलं काळं अस्वल बघितलेलं असतं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोही टाकलेले असतात, पण त्याच जंगलात नोव्हेंबरमध्ये लोक रीतसर लायसन्स काढून अस्वलाची शिकार करतात हे माहीत नसतं. आणि ज्यांना माहीत असतं आणि करून बघायची असते त्यांना सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, कारण ऑफिसातले अमेरिकन मित्र जे सांगतात ते त्यांच्यासाठी बरोबर असतं, लहानपणापासून बापाबरोबर जंगलात गेलेले असतात ते, व्हिसाचा प्रश्न त्यांच्या डोक्यातच येत नाही. म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे, वाचताना पायऱ्या उलटसुलट करू नका.

आधी एक गोष्ट, कारण हा प्रश्न घरून येतोच. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला, आपल्याकडचं अस्वल त्यात पहिल्या अनुसूचीत आहे, तिथे शिकारीचा विषयच नाही आणि नसायलाच हवा. मग इथे कसं चालतं? तर सत्तरच्या दशकात पेनसिल्व्हेनियातही अस्वलं इतकी कमी झाली होती की १९७०, १९७७ आणि १९७८ ला सीझन उघडलाच नाही. १९८१ पासून अस्वलासाठी वेगळं लायसन्स सुरू झालं, किती मारली जातात त्याचा पक्का हिशेब ठेवला गेला, आणि चार हजारांच्या आसपास असलेली संख्या वाढत वाढत पंधरा-वीस हजारांच्या घरात गेली. शिकार चालू असताना वाढली, हे लक्षात घ्या. गेम कमिशनला, म्हणजे शिकार आणि वन्यजीव बघणाऱ्या राज्याच्या खात्याला, राज्याच्या टॅक्समधून नेहमीचा पैसा मिळत नाही, त्यांचा खर्च लायसन्सची फी, त्यांच्या जमिनीवरचं लाकूड आणि गॅस, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली रायफल आणि काडतुसांवर जो ११ टक्के फेडरल कर लागतो त्यातून मिळणारा वाटा, यावर चालतो. म्हणजे तुम्ही जे पैसे भरता ते जंगलातच जातात. तरी ज्यांना हे पटत नाही त्यांचं मत मी बदलायला बसलो नाहीये. ज्यांना करायचंय त्यांनी ते कायद्यात राहून, नीट करावं एवढंच माझं म्हणणं आहे.

पायरी पहिली: तुमचं व्हिसा स्टेटस बघा, बंदुकीला त्याच्या आधी हात लावू नका

हा भाग सगळ्यात मोठा लिहितोय कारण आपल्या लोकांच्या सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, किंवा तुमच्याकडे राहायला आलेले आईबाबा ज्या व्हिझिटर व्हिसावर येतात तो, हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा. फेडरल कायद्याच्या कलम ९२२ प्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. विकत घेणंच नाही, नुसतं जवळ असणं. मित्राबरोबर वीकेंडला शूटिंग रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक हातात घेतली तरी ते बाळगणंच धरलं जातं, आणि मित्र सुट्टीवर जाताना त्याची रायफल तुमच्या कपाटात ठेवून गेला तर तेही. लोक म्हणतात की अरे सगळेच जातात रेंजवर, कोणी विचारत नाही. कोणी विचारत नाही हे खरं असेलही, पण हा फेडरल गुन्हा आहे आणि तुमच्या ग्रीन कार्डची फाइल वर्षानुवर्षं रांगेत पडलेली असताना असली जोखीम कोणी घ्यावी?

याच कायद्यात एक अपवाद आहे आणि आपलं सगळं त्यावरच चालतं. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू असलेलं हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असेल तर ही बंदी तुम्हाला लागू होत नाही. फिशिंग लायसन्स चालत नाही, हंटिंगचंच हवं, आणि मुदत संपलेलं नको. म्हणून क्रम असा: आधी कोर्स, मग लायसन्स, आणि मगच बंदूक. दुकानात रायफल घ्यायला गेलात की फॉर्म ४४७३ भरावा लागतो, त्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावर आहात का असा सरळ प्रश्न असतो, तिथे हो म्हणायचं, अपवाद लागू होतो असं नोंदवायचं आणि लायसन्स दाखवायचं, आय-९४ चा, म्हणजे देशात शिरताना होणाऱ्या नोंदीचा, नंबरही बरोबर ठेवायचा. दुकानदाराला हा अपवाद माहीत नसला तर वाद घालू नका, दुसऱ्या दुकानात जा. फॉर्मवर खोटं लिहिणं हा वेगळा फेडरल गुन्हा आहे.

आता यातली खाच, जी मला कोर्समध्येही कोणी सांगितली नव्हती. पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स १ जुलै ते ३० जून असं चालतं. नोव्हेंबरमध्ये शिकार करून रायफल कपाटात ठेवली आणि पुढच्या वर्षी जायचं नाही म्हणून लायसन्स रिन्यू केलं नाही, तर १ जुलैला सकाळी तुमच्या कपाटात रायफल आहे आणि अपवाद संपलेला आहे. तुम्ही काहीच न करता कायद्याच्या बाहेर गेलात. नवीन वर्षाचं लायसन्स जूनच्या शेवटी विक्रीला येतंच, तेव्हाच घेऊन टाका, शिकारीला जा नाहीतर नका जाऊ, रायफल घरात आहे तोपर्यंत लायसन्समध्ये एका दिवसाचाही खंड पडू द्यायचा नाही.

ग्रीन कार्डवाल्यांना आणि सिटीझन्सना यातलं काही लागू नाही. आणि ज्यांना ही भानगडच नको आहे त्यांच्यासाठी धनुष्यबाण आणि क्रॉसबो आहेत, फेडरल कायद्याने ती बंदूक धरली जात नाही. अस्वलाचा आर्चरी सीझन वेगळा आहे, पुढे लिहितोच. तुमची केस जरा गुंतागुंतीची असेल, स्टेटस बदलत असेल, तर इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा, माझ्या लिहिण्यावर जाऊ नका.

जाता जाता, याच राज्यात १९०९ चा एक कायदा होता की सिटीझन नसलेल्या परदेशी माणसाने शिकार करायची नाही आणि शॉटगन किंवा रायफल बाळगायचीही नाही, आणि १९१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पॅटसोन नावाच्या खटल्यात तो कायदा उचलूनही धरला. तेव्हा रोख इटालियन आणि पूर्व युरोपातून आलेल्या कामगारांवर होता. तो कायदा आता नाही. आज आपल्याला जे दार उघडं आहे ते तेव्हाच्या परक्यांना बंद होतं, त्यामुळे ते नीट वापरावं असं मला मनापासून वाटतं.

पायरी दुसरी: हंटर-ट्रॅपर एज्युकेशन कोर्स

पहिल्यांदा लायसन्स काढणाऱ्याला हा कोर्स पास व्हावा लागतो, दुसऱ्या राज्यात आधी केलेला असेल तर त्याचं सर्टिफिकेट चालतं. वय ११ पासून पुढे कोणीही करू शकतं, त्यामुळे मुलांना घेऊन एकत्र करणारे पण असतात. ऑनलाइन आहे आणि वर्गात बसूनही आहे. वर्गातला फुकट असतो आणि शिकवणारे व्हॉलंटियर गावातलेच जुने शिकारी असतात, त्यांच्याकडून जे ऐकायला मिळतं ते ऑनलाइन स्लाइड्समध्ये येत नाही, कुठल्या डोंगरावर ओक आहेत, कुठला शेतकरी परवानगी देतो, असलं सगळं. पण नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर नोंदणी करतानाच विचारून घ्या की वर्गात खरी बंदूक हाताळायला देणार का, कारण तुमचं लायसन्स अजून आलेलं नाही. तसं असेल तर सरळ ऑनलाइन करा.

ऑगस्टच्या आत उरकून टाका. सप्टेंबर-ऑक्टोबरला वर्ग भरतात आणि मग सीझन हातचा जातो.

पायरी तिसरी: लायसन्स, आणि एकच पुरत नाही

इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो. जनरल हंटिंग लायसन्स काढलं म्हणजे अस्वल आलं असं नाही. जनरलमध्ये हरीण येतं, टर्की येतं, छोटे प्राणी येतात, अस्वलाचं वेगळं लायसन्स त्याच्यावर घ्यावं लागतं. पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या मोठ्या माणसाला जनरल २०.९७ डॉलर आणि अस्वलाचं १६.९७, मिळून ३७.९४. बाहेरच्या राज्यातल्याला जनरल १०१.९७ आणि अस्वलाचं ३६.९७, मिळून १३८.९४. धनुष्याने करायची असेल तर आर्चरीचं लायसन्स आणखी वेगळं, ठासणीच्या बंदुकीने म्हणजे मझललोडरने करायची असेल तर त्याचं वेगळं.

न्यू जर्सीतले आपले बरेच जण इथे येतात म्हणून सांगतो, तुम्ही इथे नॉन-रेसिडेंटच. पोकोनोजमध्ये तुमचं दुसरं घर असलं, त्याचा प्रॉपर्टी टॅक्स भरत असलात, तरी राहता न्यू जर्सीत तर फी नॉन-रेसिडेंटची. न्यू जर्सीत स्वतःचा अस्वलाचा सीझन आहे पण त्याचे नियम पूर्ण वेगळे आहेत आणि तो राजकारणात अडकत आलाय, २०२१ ला झालाच नाही आणि डिसेंबर २०२२ मध्ये परत सुरू झाला. तिथले नियम इथे आणि इथले तिथे लावू नका.

लायसन्स हंटफिशपीए या सरकारी साइटवर ऑनलाइन मिळतं, नाहीतर शिकारीचं सामान विकणाऱ्या दुकानात, कौंटी ट्रेझररकडे किंवा गेम कमिशनच्या ऑफिसात. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, कोर्सचं सर्टिफिकेट आणि सोशल सिक्युरिटी नंबर घेऊन बसा. अस्वलाचं लायसन्स सीझनच्या बरंच आधी घ्या, शेवटच्या दिवशीवर टाकू नका. त्याच्याबरोबर जो टॅग येतो तो कागदी, तो सांभाळा, फोनमधला फोटो टॅग म्हणून चालत नाही. आणि एका लायसन्स वर्षात एकच अस्वल, सगळे सीझन धरून एकच. ऑक्टोबरला धनुष्याने मिळालं तर नोव्हेंबरला तुमचं संपलं.

पायरी चौथी: कुठला सीझन आणि कुठला भाग

मेन सीझन म्हणजे रायफलचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि मंगळवारी संपतो, चारच दिवस. त्याच्या आधी ऑक्टोबरमध्ये आर्चरी, त्यातच एक आठवडा मझललोडरचा, आणि तीन दिवसांचा एक खास बंदुकीचा सीझन जो १६ वर्षांपर्यंतची मुलं, ६५ च्या वरचे, सैन्यात असलेले वगैरे अशांनाच आहे. थँक्सगिव्हिंगनंतर हरणांचा रायफल सीझन सुरू होतो तेव्हा काही भागांत अस्वलाचा वाढीव सीझन पण चालू राहतो, सगळीकडे नाही. राज्याचे डब्ल्यूएमयू म्हणून तुकडे पाडलेत, ३डी, ४बी, ५सी अशी नावं असतात, आणि वाढीव सीझन किती दिवस ते तुकड्याप्रमाणे बदलतं. रस्त्याच्या या बाजूला चालू आणि त्या बाजूला बंद असं होऊ शकतं, कारण हद्दी बहुतेक रस्त्यांवरूनच जातात. कमिशन दरवर्षी डायजेस्ट काढतं, साइटवर फुकट आहे, त्यात तारखा आणि नकाशा दोन्ही असतं. त्याची त्या वर्षीची पानं फोनमध्ये ठेवा, मागच्या वर्षीच्या तारखांवर जाऊ नका.

रविवारचं लोक अजून विचारतात. पेनसिल्व्हेनियात पिढ्यान्‌पिढ्या रविवारी शिकार बंद होती, २०१९ च्या कायद्याने तीन रविवार उघडले आणि २०२५ मध्ये बंदीच उठवून कुठले रविवार ठेवायचे ते कमिशनवर सोडलं. तेही डायजेस्टमध्ये बघायचं.

नवीन माणसाने कुठला घ्यावा? माझं मत, चार दिवसांचा रायफल सीझन. ऑक्टोबरमध्ये अस्वलं जास्त हिंडत असतात, खाऊन खाऊन चरबी साठवत असतात, त्यामुळे भेटायची शक्यता जास्त, म्हणूनच २०१९ मध्ये ऑक्टोबरचा मझललोडर आणि खास सीझन सुरू झाला त्या वर्षी ४,६५३ अस्वलांचा विक्रमी आकडा लागला. पण धनुष्याने अस्वल स्वच्छ मारणं हे पहिल्या वर्षाचं काम नाही. जखमी होऊन झाडोऱ्यात शिरलेलं अस्वल शोधणं कठीण असतं, जाड चरबी आणि केस रक्त अडवतात, मागावर रक्ताचा थेंब पण पडत नाही कधीकधी. रायफल सीझनमध्ये बाकीचे शिकारी जंगलात असतात, अस्वलं हलती राहतात, आणि तुमच्याबरोबर कोणी अनुभवी असण्याची शक्यता जास्त.

भाग म्हणाल तर उत्तरेकडचे आणि मधले डोंगराळ कौंटी, लायकमिंग, क्लिंटन, टायोगा, पॉटर, आणि पूर्वेला पाइक, वेन, मनरो. ओकची फळं आणि बीचच्या बिया त्या वर्षी कशा लागल्यात ते बघा, कारण खाणं संपलं की अस्वलं लवकर गुहेत जातात आणि पोटुश्या माद्या तर सगळ्यांच्या आधी, मग नोव्हेंबरमध्ये जंगल रिकामं वाटतं. लॉरेलची दाट झुडपं आणि दलदलीच्या कडा या त्यांच्या दडायच्या जागा.

पायरी पाचवी: जमीन कोणाची

स्टेट गेम लँड्स, म्हणजे गेम कमिशनच्या जमिनी, पंधरा लाख एकरांच्या आसपास आहेत, स्टेट फॉरेस्ट त्याहूनही जास्त, त्यामुळे परवानगीशिवाय शिकार करायला जागा भरपूर आहे. खाजगी जमिनीवर मालकाला आधी भेटून विचारा, आणि परवानगी लेखी घ्या. झाडावर जांभळा पट्टा रंगवलेला दिसला तर तो "आत येऊ नका" असा बोर्डच समजायचा, २०२० पासून कायद्याने त्याचा तोच अर्थ आहे. राहत्या घराच्या किंवा शेडच्या १५० यार्डांच्या आत बंदुकीने शिकार करता येत नाही, धनुष्याला हे अंतर ५० यार्ड. पोकोनोजच्या वसाहतींमध्ये घरं अशी विखुरलेली असतात की जंगल वाटलं तरी तुम्ही कोणाच्या तरी दीडशे यार्डांत असता. नकाशाचं अ‍ॅप आधीच डाउनलोड करून ठेवा, डोंगरात रेंज येत नाही.

अंगावर काय, हातात काय

बंदुकीच्या सीझनमध्ये डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच फ्लोरोसंट केशरी रंग चारही बाजूंनी दिसला पाहिजे. टोपी आणि जॅकेट दोन्ही केशरी घेतलं की विषय संपला. वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत, डायजेस्टमध्ये रोजचा तक्ता असतो. सेमी-ऑटोमॅटिक रायफल मोठ्या प्राण्याला चालत नाही, बोल्ट किंवा लिव्हर वगैरे हाताने चालवायचीच हवी. धनुष्याचा ताण कमीत कमी ३५ पौंड, क्रॉसबोचा १२५. गाडीत भरलेली बंदूक ठेवायची नाही, मॅगझिनमध्ये काडतूस असलं तरी ती भरलेलीच.

आमिष टाकायचं नाही. मका, डोनट, सफरचंदं, काहीही. दुसऱ्याने टाकलेलं असलं तरी तिथे शिकार करता येत नाही, आणि ते उचलल्यावरही ३० दिवस जावे लागतात. मेन नावाच्या राज्यात आमिषावर शिकार करतात, व्हिडिओ बघून लोकांना वाटतं इथेही चालतं, नाही चालत. अस्वलांना मुद्दाम खायला घालणं तर शिकारीशिवायही २००३ पासून इथे बेकायदेशीर आहे, केबिनच्या डेकवर पोळीचे तुकडे टाकणाऱ्यांनी हेही वाचावं. कुत्रे सोडून अस्वलामागे लावता येत नाहीत. गुहेतल्या अस्वलाला हात लावायचा नाही. हाकारा घालून शिकार करणारे गट असतात, झुडपं पिंजून काढतात आणि पलीकडे बाकीचे थांबतात, तेही कायदेशीर आहे पण गटात २५ च्या वर माणसं नकोत. नवीन माणसाला अशा गटात शिरता आलं तर एका दिवसात खूप शिकता येतं.

अस्वल दिसल्यावर

पेनसिल्व्हेनियात नर-मादी असं बंधन नाही. तरी माझं सांगणं आहे की मादीबरोबर पिल्लं दिसली तर बंदूक खाली ठेवा. एकटं दिसलं तरी मिनिटभर थांबून मागे झुडपात काही हलतंय का ते बघा, पिल्लं मागून येतात. कायदा तुम्हाला अडवत नाही म्हणून तुम्ही स्वतःला अडवायचं नाही असं नसतं, आणि या जंगलातली अस्वलं टिकली ती नुसत्या कायद्याने नाही, असं थांबणाऱ्या माणसांमुळेही टिकली.

अस्वल आडवं उभं असताना पुढच्या खांद्याच्या लगेच मागे, फुप्फुसाची जागा. समोरासमोर किंवा पाठमोरं असताना मारू नका. नीट दिसत नसेल, अंधारात फक्त काळा आकार असेल, तर नाही म्हणजे नाही, दुसऱ्या शिकाऱ्याचा काळा कुत्रासुद्धा असू शकतो.

टॅग आणि चेक स्टेशन

अस्वल मेल्याची खात्री झाली की जागेवरून हलवायच्या आधी बॉलपेनने टॅग भरायचा आणि कानाला बांधायचा. फोटो नंतर. पेन बरोबर असू दे, थंडीत शाई गोठते म्हणून दोन ठेवा. मग आतडी काढून साफ करायचं, पण बाकी अस्वल कातड्यासकट पूर्ण ठेवायचं, कापून तुकडे नाही करायचे. आणि एक छोटी गोष्ट करा, जबडा आखडायच्या आधी तोंडात काठीचा तुकडा आडवा घालून ठेवा, याचं कारण पुढे येतं.

२४ तासांच्या आत ते अस्वल तुम्ही स्वतः चेक स्टेशनवर न्यायचं, लायसन्स घेऊन. रायफल सीझनमध्ये जागोजागी स्टेशनं उघडतात, यादी डायजेस्टमध्ये असते, बाकीच्या सीझनमध्ये रीजनल ऑफिसला फोन करायचा आणि ते सांगतील तिथे न्यायचं. जवळचं स्टेशन कुठे आणि किती वाजेपर्यंत उघडं, हे घरून निघायच्या आधी लिहून घ्या, तीनशे पौंडांचं अस्वल ट्रकमध्ये टाकून रात्री पत्ता शोधायची वेळ येऊ देऊ नका.

तिथे काय करतात हे समजून घ्या म्हणजे हा नियम जाच वाटणार नाही. वजन करतात, नर की मादी लिहितात, एक छोटा दात काढतात, काठी त्यासाठीच. तो दात कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की झाडासारख्या वर्षावर्षाच्या रेघा दिसतात आणि वय कळतं. आणि मग कानात टॅग किंवा ओठाच्या आत गोंदलेला नंबर आहे का ते बघतात. कारण उन्हाळ्यात कमिशनचे लोक अस्वलं पिंजऱ्यात पकडून, नंबर लावून परत सोडतात, आणि नोव्हेंबरमध्ये मारल्या गेलेल्यांपैकी किती नंबरवाली निघाली त्या प्रमाणावरून पूर्ण राज्यात किती अस्वलं असतील याचा हिशेब करतात. नंबरवाली कमी निघाली तर जंगलात अस्वलं जास्त आहेत, जास्त निघाली तर कमी. पुढच्या वर्षी किती दिवसांचा सीझन ठेवायचा, कुठे वाढवायचा, कुठे कापायचा, हे सगळं याच आकड्यांवर ठरतं. एकाने जरी चेक न करता अस्वल घरी नेलं तरी तो गुन्हा आहेच, पण त्याहून मोठं म्हणजे त्याने सगळ्यांचा हिशेब बिघडवला. शिकाऱ्यांच्या पैशावर आणि शिकाऱ्यांच्याच आकड्यांवर जे चालतं त्यात शिकाऱ्यानेच खोट आणायची नाही.

मांस, कातडी आणि भारत

अस्वलाची कातडी गोधडीसारखी उष्णता धरून ठेवते, त्यामुळे मांस लवकर खराब होतं. थंडी असली तरी चेक स्टेशनवरून सरळ खाटकाकडे न्या, किंवा घरी लगेच सोलून थंड करा. हरणाचं प्रोसेसिंग करणारे सगळेच अस्वल घेत नाहीत, आधी फोन करा.

शिजवताना आत १६० फॅरनहाइट म्हणजे ७१ सेल्सिअस पर्यंत गेलंच पाहिजे, थर्मामीटर लावून. अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला नावाचा कृमी असू शकतो आणि डुकराच्या मांसाला जे फ्रीझ करणं चालतं ते इथे चालत नाही, अस्वलातल्या काही जाती गोठवूनही मरत नाहीत. २०२२ मध्ये कॅनडातल्या सस्कॅचवानच्या अस्वलाचं मांस ४५ दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग साउथ डकोटाला घरच्या लोकांनी एकत्र जमून कबाब केले, ते आतून कच्चे राहिले आणि सहा जण आजारी पडले. मांस गडद रंगाचं असतं, शिजलं की नाही ते नुसतं बघून कळत नाही. आपल्या पद्धतीने कुकरमध्ये शिट्ट्या काढून मग रस्सा केला तर ही भीती राहत नाही आणि चवही चांगली लागते, मालवणी मसाल्यात तर फारच. चरबी मात्र कच्ची असतानाच जेवढी निघेल तेवढी काढून टाका, उग्र वास तिचाच असतो.

कातडी किंवा कवटी आठवण म्हणून भारतात न्यायचा विचार मात्र करू नका. अमेरिकन काळं अस्वल १९९२ पासून साइटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा कुठलाही भाग देशाबाहेर न्यायला परमिट लागतं. ते अस्वल दुर्मीळ आहे म्हणून हे नाहीये, आशियातल्या संकटात असलेल्या अस्वलांच्या पित्ताशयाचा चोरटा धंदा चालतो आणि कापलेला तुकडा बघून कुठल्या अस्वलाचा ते ओळखता येत नाही म्हणून. मुंबई कस्टम्सला तुमच्या सामानात अस्वलाचं नख जरी सापडलं तरी समोरचा अधिकारी १९७२ च्या कायद्याच्याच नजरेने बघणार, आणि तो बरोबरच असणार. गावी नातेवाइकांना द्यायला नखं, दात, कातडीचा तुकडा, यातलं काहीही बॅगेत टाकू नका, आणि आईबाबा परत जाताना त्यांच्या बॅगेत तर मुळीच नाही.